मृत्युपत्र करून दिल्यानंतर कुटुंबाला प्रोबेटसाठी कोणाकडे पाठवावे?

नाशिकमध्ये कॉलेज रोडवर कर सल्लागार म्हणून काम करणाऱ्या एका तरुण सहकाऱ्याने हा प्रश्न विचारला आहे. त्यांच्याकडे विवरणपत्रे भरण्यासाठी येणारे ज्येष्ठ लोक मृत्युपत्राविषयीही विचारतात. हे सहकारी त्या लोकांकडून मिळकतींची माहिती घेतात, मसुदा वकिलाकडून तपासून घेतात आणि मृत्युपत्र पूर्ण करून देतात. आता त्यांतील काही व्यक्ती निवर्तल्या आहेत आणि त्यांची मुले ‘पुढे काय करायचे’ म्हणून या सहकाऱ्यांच्याच कार्यालयात येत आहेत. प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्र खरे व विधिवत असल्याचे न्यायालयाकडून प्रमाणित करून घेण्याची, कामे करून देणाऱ्या एका सेवेने, पाठवलेल्या प्रत्येक कुटुंबामागे ठरावीक रक्कम देण्याची तयारी दाखवली आहे. कुटुंबाला कोणाकडे पाठवावे आणि ती रक्कम घ्यावी का, असे त्यांनी विचारले आहे. नाशिक जिल्हा न्यायालयात दिवाणी बाजूला वारसाहक्काची कामे मी दीर्घकाळ करत आलो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

रकमेचा प्रश्न आधी निकाली काढू. ती घेऊ नका. वकील अधिनियम, १९६१ मध्ये २०२३ च्या दुरुस्तीने कलम ४५अ आले आहे. वकिलाकडून किंवा त्याच्या वतीने दुसऱ्या कोणाकडून मोबदला घेऊन त्या वकिलाला काम मिळवून देणारा माणूस या कलमाप्रमाणे दलाल ठरतो. असे काम सवयीने करणाऱ्यांची यादी उच्च न्यायालय, जिल्हा न्यायाधीश किंवा जिल्हाधिकारी प्रसिद्ध करू शकतात आणि यादीत नाव असताना दलाली करणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैदेची शिक्षा आहे. ‘प्रत्येक प्रकरणामागे इतके’ हा ठरावच सवयीचा पुरावा होतो, हे लक्षात घ्या. वकिलाच्या बाजूनेही हा व्यवहार वर्ज्य आहे, कारण वकील नसलेल्या व्यक्तीशी फी वाटून घेण्यास आणि मध्यस्थामार्फत काम मिळवण्यास बार कौन्सिलचे नियम मनाई करतात. त्यामुळे जी सेवा तुम्हाला पैसे देऊ करते, तिच्याशी जोडलेला वकील स्वतःच्या व्यवसायाचे नियम मोडायला तयार आहे, एवढे तुम्हाला आधीच कळले आहे, आणि निवडीसाठी ही माहिती पुरेशी आहे.

कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी माझे मत बदलणार नाही. ज्या माणसाने आपल्या बँकेच्या ठेवींपासून भावाशी असलेल्या वादापर्यंत सगळे तुम्हाला विश्वासाने सांगितले, त्याची पत्नी वर्षश्राद्धाच्या आत तुमच्यासमोर कागद घेऊन बसते, तेव्हा तुमच्या सल्ल्यात तिच्या हिताखेरीज दुसरे काहीही मिसळलेले असता कामा नये.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. ‘कोणाकडे पाठवावे’ याच्या आधी ‘पाठवण्याची गरज आहे का’ हा प्रश्न येतो, आणि नाशिकमध्ये बहुतेक वेळा त्याचे उत्तर ‘नाही’ असे निघते. भारतीय वारसा अधिनियम, १९२५ च्या कलम २१३ प्रमाणे काही मृत्युपत्रांना प्रोबेट मिळाल्याशिवाय व्यवस्थापकाला (मृत्युपत्राच्या अंमलबजावणीसाठी त्यातच नेमलेल्या व्यक्तीला) किंवा लाभार्थ्याला न्यायालयात आपला हक्क सिद्ध करता येत नसे. हिंदू, बौद्ध, शीख व जैन यांच्या बाबतीत ही सक्ती मुंबई, मद्रास आणि कलकत्त्याकडील विशिष्ट हद्दींपुरतीच होती. मृत्युपत्र त्या हद्दीत केलेले असेल किंवा त्यातील स्थावर मिळकत त्या हद्दीत असेल, तरच ती लागू होई. पारशी समाजालाही ती याच धर्तीवर लागू होती, मुसलमानांना लागू नव्हती आणि २००२ च्या दुरुस्तीनंतर भारतीय ख्रिश्चनांनाही लागू राहिली नाही. नाशिक जिल्हा त्या हद्दीत कधीच नव्हता. इंदिरानगरमधला फ्लॅट, निफाडची द्राक्षबाग आणि नाशिकरोडच्या बँकेतील ठेवी असलेल्या हिंदू माणसाने नाशिकमध्ये केलेल्या मृत्युपत्राला प्रोबेटची सक्ती कधीच नव्हती. ठाणे, डोंबिवली व नवी मुंबई हेही मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ दिवाणी अधिकारक्षेत्रात, म्हणजे मुंबईकडील त्या हद्दीत, येत नाहीत, तरीही ‘मुंबईकडे फ्लॅट आहे, मग प्रोबेट लागणारच’ असे सांगून कितीतरी कुटुंबांना विनाकारण खर्चात पाडले गेले आहे.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने निरसन व सुधारणा विधेयक मंजूर करून कलम २१३ अधिनियमातून वगळले, त्यामुळे दादर किंवा मुलुंडच्या फ्लॅटसाठी असलेली सक्तीही गेली. मात्र याचा अर्थ प्रोबेट संपले असा कोणी लावू नये. प्रोबेट देण्याचा न्यायालयाचा अधिकार आणि ते मागण्याचा व्यवस्थापकाचा हक्क कायम आहेत, गेली ती फक्त सक्ती. दुरुस्तीपूर्वी मृत्यू झालेला असेल आणि मिळकत मुंबईत असेल, तर मृत्यूची तारीख आणि तोपर्यंत झालेली कार्यवाही वकिलासमोर ठेवून त्या प्रकरणापुरते स्वतंत्र मत घ्यावे.

सक्ती नसताना प्रोबेट कोणी घ्यावे, हे तुम्हाला स्वतःला सांगता आले पाहिजे. मृत्युपत्राने एखाद्या मुलाला किंवा मुलीला वगळले असेल, दुसऱ्या विवाहाचे कुटुंब असेल, किंवा सेवा करणाऱ्या पुतण्याला बरेचसे दिले असेल, तर प्रोबेट घेणे शहाणपणाचे आहे, कारण मृत्युपत्र खरे व विधिवत आहे याबद्दलचा तो निर्णय केवळ पक्षकारांवर नव्हे, तर सर्वांवर बंधनकारक असतो. दुसरे कारण फारसे कोणी बोलून दाखवत नाही, पण मला ते सर्वांत महत्त्वाचे वाटते: साक्षीदार हयात आणि धडधाकट असतानाच पुरावा नोंदवून घेता येतो. मृत्युपत्र आज कोणी नाकारत नाही म्हणून ते कपाटात ठेवले आणि पंधरा वर्षांनी जमीन विकायला काढल्यावर बहिणीच्या मुलांनी हरकत घेतली, तर तोपर्यंत साक्षीदारांपैकी कोण उरलेले असेल, हे सांगता येत नाही. परदेशात मालमत्ता असेल, किंवा मिळकत लवकरच विकायची असून खरेदीदाराचा वकील मालकी हक्क तपासताना प्रोबेट मागत असेल, तरीही ते घ्यावे.

याउलट आई आणि दोन मुले यांच्यात पूर्ण एकमत असेल, सगळी मिळकत नाशिक जिल्ह्यातच असेल आणि मृत्युपत्राने नैसर्गिक वारसांनाच दिलेले असेल, तर प्रोबेटच्या मागे लागू नये. अशा वेळी शेतजमिनीसाठी तलाठी कार्यालयात मृत्युपत्र, मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांचे संमतीचे जबाब देऊन फेरफार नोंदवून घ्यावा. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे हक्क मिळाल्याची वर्दी तीन महिन्यांत द्यायची असते. शहरातील मिळकतीसाठी नगर भूमापन कार्यालयात मिळकत पत्रिकेवर नोंद करावी आणि फ्लॅटसाठी सोसायटीकडे अर्ज द्यावा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सहकारी संस्था अधिनियमातील कलम १५४ब-१३ मृत्युपत्राच्या आधारे हस्तांतरणाची सोय स्पष्टपणे करते. फेरफार म्हणजे मालकीचा निवाडा नव्हे आणि मृत्युपत्राबद्दल वाद असेल तर तो दिवाणी न्यायालयातच सुटतो, हे सर्वोच्च न्यायालयाने जितेंद्र सिंह विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या २०२१ च्या निर्णयात पुन्हा सांगितले आहे. त्यामुळे फेरफार मंजूर करणाऱ्या मंडळ अधिकाऱ्यापुढे हरकत आली, की त्याच दिवशी कुटुंबाला वकिलाकडे पाठवावे.

येथे एक गोष्ट निक्षून सांगतो. मृत्युपत्र असताना ते बाजूला ठेवून १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन आठखाली वारस दाखला काढण्याचा ‘सोपा मार्ग’ काही लोक सुचवतात. ज्या माणसाने विचारपूर्वक आपली इच्छा लिहून ठेवली, तिच्याशी ती प्रतारणा आहे, आणि शपथेवर खोटे सांगण्याचा धोका अर्जदाराच्या माथी येतो. असा सल्ला देणाऱ्याकडे कोणालाही पाठवू नका.

प्रोबेटकडून काय मिळणार नाही, हेही कुटुंबाला आधी समजावून सांगावे. प्रोबेट न्यायालय फक्त मृत्युपत्र खरे आहे का, विधिवत झाले आहे का आणि करणारा शुद्धीत व स्वतःच्या इच्छेने ते करत होता का, एवढेच पाहते. मिळकत त्याच्या मालकीची होती का, हे ते ठरवत नाही. निफाड, दिंडोरी, सिन्नरकडे वडिलोपार्जित जमिनींचे प्रश्न फार असतात. वडिलांनी सगळी बाग धाकट्याच्या नावे लिहिली आणि त्या मृत्युपत्राला प्रोबेटही मिळाले, तरी ती बाग एकत्र कुटुंबाची असेल, तर २००५ च्या दुरुस्तीने सहदायाद (एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः हक्क असलेली) झालेल्या मुलीचा हिस्सा त्या प्रोबेटने नाहीसा होत नाही, कारण वडिलांना केवळ स्वतःच्याच हिश्श्याचे मृत्युपत्र करता येते. अशा कुटुंबाला प्रोबेटच्या वकिलापेक्षा वाटपाचे दावे चालवणाऱ्या वकिलाची गरज असते आणि पुष्कळदा त्याहूनही अधिक गरज एका समंजस बैठकीची असते.

पाठवण्याची खरी तयारी मृत्युपत्र करतानाच व्हायला हवी. तुमच्या हातून घडणारे सर्वांत मोलाचे काम हेच आहे, म्हणून यावर थोडे अधिक लिहितो. प्रोबेट फक्त मृत्युपत्रात नेमलेल्या व्यवस्थापकालाच मिळते. नेमणूक स्पष्ट शब्दांत किंवा मजकुरातून अपरिहार्यपणे निघणारी असली पाहिजे. व्यवस्थापक नेमलेलाच नसेल, तर लाभार्थ्याला मृत्युपत्र जोडलेले प्रशासनपत्र (मालमत्तेची व्यवस्था पाहण्याचा न्यायालयाने दिलेला अधिकार) मागावे लागते, आणि तेथे आणखी एक वाद उभा राहण्याची शक्यता निर्माण होते. म्हणून व्यवस्थापक नेमावा, त्याच्या पश्चात कोण हेही लिहावे, आणि दोघांनाही आधी विचारून घ्यावे. मुलगा परदेशात असेल, तर त्याला व्यवस्थापक नेमण्यास कायद्याची आडकाठी नाही, कारण अनुपस्थित व्यवस्थापकाच्या मुखत्याराला प्रशासनपत्र देण्याची सोय वारसा अधिनियमाच्या कलम २४१ मध्ये आहे. तरी येथे राहणारी विश्वासू व्यक्ती मिळत असल्यास तिलाच नेमावे.

साक्षीदारांच्या निवडीत आपल्याकडे जी हयगय होते, तिची किंमत पुढची पिढी मोजते. वारसा अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे किमान दोन साक्षीदार लागतात. त्या प्रत्येकाने मृत्युपत्रकर्त्याला सही करताना पाहिलेले असावे किंवा ही सही आपली असल्याचे त्याच्याकडूनच ऐकलेले असावे, आणि प्रत्येकाने त्याच्या समक्ष स्वतःची सही केलेली असावी. पुढे न्यायालयात यांपैकी किमान एका साक्षीदाराची साक्ष लागते. पूर्वी ही तरतूद पुरावा अधिनियमाच्या कलम ६८ मध्ये होती, आता भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६७ मध्ये आहे. ओझरच्या एचएएल विमान कारखान्यातून किंवा नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून निवृत्त झालेला माणूस साहजिकच बरोबरीच्या निवृत्त मित्रांना साक्षीला बोलावतो, आणि वीस वर्षांनी मृत्युपत्र उघडते तेव्हा ते साक्षीदारही हयात नसतात. मग साक्षीदाराचे आणि मृत्युपत्रकर्त्याचे हस्ताक्षर ओळखणारे कोणीतरी शोधून पुरावा द्यावा लागतो. हे अशक्य नाही, पण कष्टाचे आणि अनिश्चित आहे. साक्षीदार वयाने पंधरा-वीस वर्षे लहान, शक्यतो नाशिक परिसरात स्थिर आणि मृत्युपत्रातून काहीही न मिळणारे असावेत. तिसरा साक्षीदार घेतला तर उत्तमच.

मृत्युपत्रकर्ता वृद्ध किंवा आजारी असेल, तर त्याच दिवसाचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र घ्यावे. एखाद्या वारसाला वगळले असेल, तर त्याचे कारण संयत भाषेत लिहावे. सर्वोच्च न्यायालयाने एच. वेंकटचल अय्यंगार विरुद्ध बी. एन. तिम्माजम्मा या १९५९ च्या निर्णयात संशयास्पद परिस्थितीचे निरसन करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर टाकली आहे, आणि आजही प्रत्येक हरकतीच्या उलटतपासात प्रश्न त्याच चौकटीतून येतात. ज्याला सर्वाधिक मिळणार आहे तोच मसुद्याच्या चर्चेला बसला होता का, वकील त्यानेच ठरवला का, नोंदणीला गाडी कोणाची होती, असे ते प्रश्न असतात. म्हणून मसुद्याची चर्चा मृत्युपत्रकर्त्याशी एकट्याशीच करा आणि तसे तुमच्या टिपणात नोंदवून ठेवा. मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक आहे आणि मृत्युपत्रावर मुद्रांक शुल्क लागत नाही. नोंदणी जरूर करावी, मात्र नोंदणी झाल्याने साक्षीदाराच्या पुराव्यापासून सुटका होते हा समज चुकीचा आहे.

आता वकिलाच्या निवडीबद्दल. सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) जवळच्या आपल्या जिल्हा न्यायालयात दिवाणी काम करणारे वकील पुष्कळ आहेत, परंतु वारसा अधिनियमाखालील अर्ज स्वतः मांडून, साक्षीदार तपासून, हरकत आल्यावर त्याच प्रकरणाचा दाव्याप्रमाणे पाठपुरावा करणारे त्यांतील थोडे. तुम्ही ज्याचे नाव सुचवणार, त्याला कुटुंबाच्या वतीने आधी भेटा आणि थेट विचारा. बिनविरोध अर्ज आणि विरोध झालेला अर्ज यांची फी वेगवेगळी आणि लेखी देणार का, न्यायालयीन शुल्क, जाहीर नोटिशीचा खर्च आणि स्वतःची फी वेगळी दाखवणार का, मूळ मृत्युपत्र घेताना पोच देणार का, आणि आदेश मिळाल्यावर सातबारा, मिळकत पत्रिका व डीमॅट खात्याचे काम कोण करणार. महाराष्ट्रात प्रोबेटच्या न्यायालयीन शुल्काला ७५,००० रुपयांची कमाल मर्यादा आहे. ‘मिळकतीच्या इतके टक्के’ असा एकत्रित आकडा कोणी सांगू लागला, तर तेथून परत फिरावे, कारण मिळणाऱ्या मालमत्तेच्या हिश्श्यावर फी ठरवणे वकिलाला निषिद्धच आहे. आणि माझ्या दृष्टीने निर्णायक कसोटी अशी की, दोन-तीन जुन्या प्रकरणांची परिस्थिती नावे न सांगता त्याच्यापुढे मांडावी आणि त्यांपैकी एखाद्यात तरी ‘येथे प्रोबेटची गरज नाही’ असे तो सांगतो का, ते पाहावे.

कंपनीच्या स्वरूपात चालणाऱ्या सेवा सरसकट वाईट नाहीत. कागद गोळा करणे, बँका आणि कंपन्यांच्या शेअर निबंधकांशी पत्रव्यवहार करणे, ही कामे त्या नीट करू शकतात, विशेषतः मुले पुण्यात किंवा परदेशात असतात तेव्हा. मात्र न्यायालयातील कामासाठी वकीलपत्र व्यवस्थापकाने वकिलाच्या नावे स्वतः सही करून द्यावे, त्या वकिलाचे नाव व दूरध्वनी त्याच्याकडे असावेत आणि फीची पावती वकिलाकडून मिळावी. कंपनी मध्ये उभी राहून वकिलाला भेटूच देत नसेल, तर तेथे पाठवू नका.

प्रत्यक्ष पाठवताना किमान दोन वकिलांची नावे लेखी पत्रात द्या आणि निवड कुटुंबावर सोडा. त्यांपैकी कोणाशी तुमचे नाते किंवा व्यावसायिक संबंध असतील, तर ते आधीच सांगा. तुम्हाला कोणाकडूनही मोबदला मिळत नाही, हेही त्या पत्रात एका वाक्यात लिहा. व्यवस्थापकाच्या लेखी संमतीशिवाय मृत्युपत्राची प्रत किंवा मिळकतींची यादी कोणालाही पाठवू नका. त्याच्या हाती मात्र एक चोख धारिका द्या: मूळ मृत्युपत्र कोठे आहे, नोंदणी क्रमांक काय, साक्षीदारांची सध्याची नावे-पत्ते, डॉक्टरांचे प्रमाणपत्र, सर्व कायदेशीर वारसांची यादी आणि त्यांतील कोणाची हरकत येण्याची शक्यता आहे. वारसांची यादी अपुरी असली, की नोटीस न मिळालेला वारस पुढे वारसा अधिनियमाच्या कलम २६३ खाली प्रोबेट रद्द करण्याचा अर्ज करू शकतो, म्हणून दुरावलेल्या बहिणीचे नाव संकोचाने गाळू नये. मुंबई उच्च न्यायालयात अर्ज करायचा असेल, तर मराठी मृत्युपत्राचे प्रमाणित भाषांतर लागते, त्यासाठी लागणारा वेळ आधीच सांगून ठेवा.

विलंबाबद्दलही सांगा. मुदत कायद्याचा तीन वर्षांची मुदत घालणारा अनुच्छेद १३७ प्रोबेटच्या अर्जाला लागू होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ठरवले. तीन वर्षे मृत्यूच्या तारखेपासूनच मोजली जातात असे नाही, अर्ज करण्याचा हक्क निर्माण झाल्यापासून ती मोजतात. परंतु खुलासा नसलेला विलंब हाच हरकत घेणाऱ्याचा पहिला मुद्दा असतो. प्रोबेट मिळाल्यावर व्यवस्थापकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि एका वर्षात हिशेब न्यायालयात सादर करायचा असतो. हे कर्तव्य बहुतेक कुटुंबांना कोणी सांगतच नाही, आणि हिशेबाचे काम तुम्हीच उत्तम करून देऊ शकता. त्याची रास्त फी व्यवस्थापकाकडून उघडपणे घ्या, त्यात काहीच गैर नाही.

शेवटी, भावंडांत फूट पडून दोघेही स्वतंत्रपणे तुमच्याकडे आले, तर कोणालाही वकील सुचवू नका. मृत्युपत्राचे काम तुमच्या कार्यालयात झालेले असल्याने तुम्हाला साक्षीला बोलावले जाण्याची शक्यता असते, आणि एका बाजूला मार्ग दाखवणाऱ्याची साक्ष न्यायालय त्याच नजरेने तोलते. दोघांनाही सारखेच लेखी उत्तर द्या, आपली टिपणे जशीच्या तशी सुरक्षित ठेवा, आणि मूळ मृत्युपत्र तुमच्याकडे असेल तर ते नेमलेल्या व्यवस्थापकाला पोच घेऊन सुपूर्द करा, किंवा न्यायालयाचा आदेश आल्यास न्यायालयात जमा करा.